ग्राहकाचा नंबर खरा की खोटा? तपासणीची सेवा अशी लावा

आपले अनेक कारागीर व व्यापारी बांधव आता स्वतःच्या वेबसाईटवरून साड्या, चादरी, हिमरू शाली विकू लागले आहेत. या विक्रीत ग्राहकाचा चेहरा दिसत नाही, हाती असतो तो त्याने लिहिलेला मोबाईल नंबर आणि ई-मेल. तोच चुकीचा निघाला तर पार्सल परत येते, जाण्यायेण्याचे भाडे आपल्या अंगावर पडते आणि मापाने शिवलेला माल पडून राहतो. म्हणून नंबर तपासणारी सेवा वेबसाईटला जोडतात. जोडण्याचे काम संगणकवाल्याचे असले तरी तिचे नियम ठरवणे मालकाचेच काम आहे, असे आम्हाला वाटते.

तपासणी दोन पायऱ्यांची असते. पहिली पायरी घडणीची. आपल्याकडील मोबाईल नंबर दहा आकडी असतो व ६ ते ९ पैकी एका आकड्याने सुरू होतो. एखादा आकडा राहून गेला तर तो इथेच पकडला जातो. परंतु घडण बरोबर असलेला नंबर दुसऱ्याचाही असू शकतो. म्हणून दुसरी पायरी: त्या नंबरावर गुप्त आकडा पाठवायचा आणि ग्राहकाने तो परत लिहायचा. ई-मेलवर आकड्याऐवजी दुवाही पाठवता येतो.

आता नियम पाहू. आकडा चारऐवजी सहा अंकी ठेवावा. चार अंकांत १० हजार शक्यता असतात, सहा अंकांत १० लाख. पाचच वेळा प्रयत्न करू दिले तर अंदाजाने आकडा लागण्याची शक्यता पहिल्यात दोन हजारांत एक, दुसऱ्यात दोन लाखांत एक. मर्यादाच घातली नाही तर यंत्र सगळे आकडे लावून पाहील. आकड्याची मुदत पाच-दहा मिनिटे पुरे. त्याहून कमी ठेवली तर संदेश उशिरा पोहोचलेला खरा ग्राहक कंटाळून निघून जाईल.

प्रत्येक संदेशाला पैसे पडतात. बदमाश लोक यंत्राने महागड्या परदेशी नंबरांवर हजारो संदेश मागवतात आणि बिल आपल्या नावावर चढते. म्हणून ज्या देशांत माल विकतो तेवढेच देश चालू ठेवावेत आणि पुन्हा आकडा मागण्यात थोडे अंतर ठेवावे. आखाती देशांत गिऱ्हाईक असेल तर त्याला ई-मेलची सोय द्यावी. आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस १६० अक्षरांचा, तर देवनागरीचा ७० अक्षरांचाच असतो. मराठी मजकूर लांबला तर दोन संदेशांचे पैसे लागतात.

कायद्याची बाजूही आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे धंद्याची, पाठवणाऱ्याच्या नावाची व मजकुराच्या नमुन्याची टेलिफोन कंपनीच्या डीएलटी यंत्रणेत नोंदणी लागते. नमुन्याशी न जुळणारा संदेश अडवला जातो. मार्च २०२१ मध्ये ही छाननी सुरू होताच बँकांचेसुद्धा आकडे अडकले आणि ती काही दिवस स्थगित करावी लागली. ई-मेलसाठी आपल्या डोमेनवर एसपीएफ व डीकेआयएम या नोंदी करून घ्याव्यात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल यांपैकी निदान एक तरी मागते. नसेल तर पत्र परत येते किंवा नको असलेल्या टपालात पडते.

मात्र या सेवेवर नको तेवढा भरवसा ठेवू नये. आकडा बरोबर आला याचा अर्थ एवढाच की तो फोन त्या वेळी त्याच्या हातात होता. माणूस प्रामाणिक आहे, घराचा पत्ता बरोबर आहे, तो पैसे देईल, यांपैकी काहीही त्यातून सिद्ध होत नाही. उधारीचा माल देताना दलालाची ओळख आणि बाजारातली पत पूर्वीसारखीच विचारावी. मापाच्या मालावर थोडी आगाऊ रक्कम घ्यावी.

शेवटी, ग्राहकाने दिलेला नंबर आपल्याकडे अमानत आहे. तो ऑर्डरसाठी घेतला असेल तर ऑर्डरसाठीच वापरावा, दुसऱ्याला विकू नये. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही संमती मागतो. एकदा गेलेला भरवसा कोणतीही तपासणी परत आणून देत नाही.