डीएमएसओचं खरं मोल

‘गुडघेदुखीवर डीएमएसओ चोळावं का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. समाजमाध्यमांवर हे द्रावक संधिवातापासून कर्करोगापर्यंत सगळ्यांवरचा उतारा म्हणून मिरवलं जातं. त्याचं खरं कर्तृत्व मात्र तिथे कुणी सांगत नाही.

डायमिथाइल सल्फॉक्साइड हे त्याचं पूर्ण नाव. रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर झाइत्सेव्ह यांनी ते १८६६ मध्ये तयार केलं. पाण्यात ते सहज मिसळतं आणि बहुतेक सेंद्रिय द्रावकांतही. शुद्ध असेल तर १८.५ अंश सेल्सिअसलाच गोठतं. पाणी मिसळलं की मात्र मिश्रणाचा गोठणबिंदू शून्याच्याही बराच खाली उतरतो!

याचं मोल ओळखलं ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी. पृथ्वीला स्वतःचा तोल राखणारी एक सजीवासारखी व्यवस्था मानणाऱ्या ‘गाया’ संकल्पनेमुळे ते जगाला माहीत झाले, पण त्यांचं हे काम मला त्याहून मोठं वाटतं. पेशी गोठवताना त्या बर्फाच्या टोकांनी फाटतात, अशी तेव्हाची समजूत. लव्हलॉक यांनी तांबड्या रक्तपेशींवर प्रयोग करून दुसरंच कारण दाखवलं. आमटी आटली की खारट होते, तसंच इथे घडतं: पाण्याचा बर्फ होतो, उरलेल्या द्रवात क्षार दाटतात आणि पेशी त्या खारटपणाने मरते. ग्लिसरॉल हा खारटपणा आटोक्यात ठेवतं, पण गाईच्या रक्तपेशींत ते फार सावकाश शिरतं. १९५९ मध्ये लव्हलॉक आणि त्यांचे सहकारी बिशप यांनी डीएमएसओ वापरून पाहिलं. ते झपाट्याने आत शिरलं आणि पेशी वाचल्या.

हाच शिरकाव त्वचेवर धोक्याचा ठरतो. द्रावकातली अशुद्ध द्रव्यंही त्याच्याबरोबर शरीरात जाऊ शकतात. १९६०च्या दशकात अमेरिकेत ऑरेगनचे शल्यविशारद स्टॅनले जेकब यांनी औषध म्हणून त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. पण प्राण्यांच्या डोळ्यांतल्या भिंगात बदल दिसल्याने १९६५ मध्ये तिथल्या चाचण्या थांबवण्यात आल्या. १९७८ मध्ये मान्यता मिळाली ती मूत्राशयाच्या एका दुखण्यापुरती.

आज रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांसाठी मूळपेशी साधारण १० टक्के डीएमएसओत गोठवून द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपतात. त्या रुग्णाला परत देताना त्याच्या श्वासाला लसणासारखा वास येतो, तो याच द्रावकामुळे.

तेव्हा गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे जा. कारखान्यासाठी बनवलेलं द्रावक अंगाला मुळीच लावू नका.