जुन्या फितींतले आकाश

सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील ‘अर्क’ या महासंगणकाचे लोकार्पण झाले, तेव्हा गाजला तो ११.७७ पेटाफ्लॉप्स हा आकडा. सेकंदाला जवळपास बारा हजार लाख कोटी आकडेमोडी! याच यंत्राच्या दिमतीला ३३ पेटाबाइटची साठवण आहे, तिच्याकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. महासंगणकाची किंमत आपण वेगावर करतो. पण विज्ञानात हा वेग कामी येतो तो दळायला डेटाचे दाणे असतील तेव्हा, आणि दाणे जपण्याचे काम आपल्याकडे कारकुनी समजले जाते. हा समज महागात पडणारा आहे.

नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीणच घ्या. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या आहेत. ही दुर्बीण फोटो काढत नाही. तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीने टिपलेल्या लहरी एकमेकींशी ताडून त्याचे आकडे साठवले जातात आणि आकाशाचे चित्र नंतर गणिताने काढावे लागते. २०१० ते २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी केली. इतक्या कमी वारंवारतेच्या लहरी पृथ्वीभोवतीच्या आयनांबरात वाकतात, तेही प्रत्येक दिशेला वेगवेगळ्या प्रमाणात. त्यामुळे चित्र फिसकटते. ही पाहणी करणाऱ्या मूळ गटाने आकाशाच्या काही भागाच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या होत्या. पुढे हॉयब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी संग्रहातला तोच कच्चा डेटा घेतला, दिशेनुसार दुरुस्ती करणाऱ्या नव्या पद्धतीतून तो पुन्हा चालवला आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापले: ३६,९०० चौरस अंश, म्हणजे नव्वद टक्के आकाश, आणि त्यात सुमारे ६ लाख २० हजार रेडिओस्रोत. त्यासाठी एकही अँटेना नव्याने वळवावी लागली नाही. फक्त तयार प्रतिमा ठेवून कच्चे आकडे पुसले असते, तर हे घडलेच नसते.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीची गोष्ट तर याहून बोलकी. २००१ मध्ये तिथे नोंदला गेलेला काही मिलिसेकंदांचा एक स्पंद सहा वर्षे संग्रहात पडून होता. जुना डेटा चाळताना तो सापडला आणि ‘वेगवान रेडिओ स्फोट’ हे खगोलशास्त्राचे नवे दालन उघडले. निरीक्षण करणाऱ्यांनी या स्फोटांसाठी दुर्बीण लावलीच नव्हती.

यावर रास्त आक्षेप असा की, सगळेच कसे साठवणार? खुद्द सर्न ही युरोपातली कणभौतिकीची प्रयोगशाळा बहुतेक डेटा टाकून देते. तिथल्या मोठ्या त्वरकात प्रोटॉनांचे झुबके सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांना छेदतात. त्यांतल्या जेमतेम हजारांच्या घरातल्या घटना कायम ठेवल्या जातात. मान्य. पण तिथे काय टाकायचे याचे नियम आधी ठरवलेले असतात. डिस्क भरली म्हणून कुणी घाईने फोल्डर उडवत नाही. शिवाय सगळा डेटा एका मापाचा नसतो. हवामानाच्या प्रारूपाने काढलेले आकडे, मूळ प्रोग्राम आणि सुरुवातीच्या नोंदी जपल्या असतील, तर बऱ्याचदा पुन्हा काढता येतात. १९७२ चा पावसाळा मात्र पुन्हा मोजता येणार नाही.

दुसरा आक्षेप, साठवण आता स्वस्त झाली, मग चिंता कसली? डिस्क स्वस्त झाली हे खरे, राखण नाही. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरून सुमारे ७७ टेराबाइट संशोधन-डेटा पुसला गेला, आणि तोही बॅकअपच्याच प्रोग्राममुळे. जुन्या लॉग फायली काढून टाकणारी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी सुधारित स्क्रिप्ट ठेवली गेली आणि ती भलत्याच फायली पुसत सुटली. काही डेटा परत मिळालाच नाही. चुंबकीय फितींचे दुखणे वेगळे: फीत तीस वर्षे टिकेलही, पण एलटीओ जातीचे नवे ड्राइव्ह फार तर एक-दोन पिढ्या मागच्याच फिती वाचतात. म्हणजे ठरावीक वर्षांनी सगळा साठा नव्या फितींवर उतरवणे आले, आणि तो नीट उतरला का हे तपासणे आले. हे काम संपत नाही, आणि प्रकल्पाचे अनुदान मात्र तीन-पाच वर्षांत संपते. त्यामुळे महासंगणकाच्या खरेदीतच पुढच्या दहा वर्षांच्या संग्रहाचा खर्च धरावा, त्यासाठी कायम पदे असावीत, आणि त्यापायी यंत्राचा वेग थोडा कमी घ्यावा लागला तरी चालेल.