खेळाडू, कर्णधार आणि डॉक्टर : तालिमेरेन आओ



"पोरगं चेंडूच्या नादी लागलं, आता कसला अभ्यास!" हे वाक्य गावच्या पारावर ऐकू येते, शाळेच्या ओसरीवर ऐकू येते, आणि खरे सांगायचे तर कधी कधी शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येते. याच्या अगदी उलट बोलणारेही आहेत. त्यांचे म्हणणे, मुलाला खेळू द्या, मन ताजे झाले की अभ्यास आपोआप होतो. या दोन्ही समजुती अर्ध्या खऱ्या आहेत. खेळ आणि अभ्यास दोन्ही उत्तम करता येतात. पण आपोआप काही होत नाही. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ मुलाला कुणीतरी द्यावा लागतो. हा हिशेब नीट समजावा म्हणून आज मी एका माणसाची हकीकत सांगणार आहे.

त्यांचे नाव तालिमेरेन आओ. लोक त्यांना डॉ. टी. आओ म्हणत. 'आओ' हे नागा लोकांतील एका जमातीचे नाव. हिंदीतल्या 'आओ, जाओ'शी त्याचा काही संबंध नाही, बरं का. त्यांचा जन्म २८ जानेवारी १९१८ रोजी नागा डोंगरांतल्या चांगकी या खेड्यात झाला. हा मुलूख आज नागालँड राज्यात आहे. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. इम्पुर येथील मिशनच्या आवारात हा मुलगा वाढला आणि चिंध्यांचा चेंडू करून त्यावरच पाय चालवायला शिकला. आपल्याकडची मुले गोधडीच्या चिंध्या गुंडाळून चेंडू करत, तसाच हा प्रकार.

१९३५ साली वडील विषमज्वराने वारले. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. आपल्या मुलाने डॉक्टर व्हावे आणि आपल्या माणसांची सेवा करावी, अशी वडिलांची इच्छा होती. जवळपास दवाखाना नसला म्हणजे तापाने माणूस कसा हातचा जातो, हे खेड्यातल्या श्रोत्यांना वेगळे सांगायला नको.

पुढे शिक्षणासाठी ते गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात आले. तेथे अभ्यासाबरोबर फुटबॉल होताच, शिवाय धावणे, उड्या आणि व्हॉलीबॉल यांतही ते पुढे असत. गावातल्या महाराणा क्लबाकडून ते फुटबॉल खेळू लागले. तेथून १९४२ साली कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. हेच कॉलेज १९४८ पासून आर. जी. कर मेडिकल कॉलेज या नावाने ओळखले जाते. दुसऱ्याच वर्षी, १९४३ मध्ये, मोहन बगान या नामांकित क्लबाने त्यांना आपल्या संघात घेतले. हा क्लब कोणता, तर १९११ साली बहुतेक गडी अनवाणी खेळवून बूट घातलेल्या इंग्रज पलटणीच्या संघाला हरवणारा. तेथे जागा मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हती.

आता या विद्यार्थ्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा. वैद्यकीचा अभ्यास घरी बसून पाठांतराने होत नाही. शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहावे लागते, प्रयोगशाळेत वेळ द्यावा लागतो, पुढे रुग्णालयात खाटेजवळ जाऊन रोगी तपासावे लागतात. एक दिवस चुकला तर त्या दिवसाचा रोगी पुन्हा भेटत नाही. इकडे कलकत्त्याचा फुटबॉलचा हंगाम ऐन पावसाळ्यातला; चिखलाच्या मैदानावर सामन्यामागून सामने. आओ बहुधा मधल्या फळीत बचावाच्या बाजूने खेळत. म्हणजे विरुद्ध संघाची चाल अडवायची आणि लगेच आपल्या पुढच्या गड्यांना चेंडू पुरवायचा. सगळ्या सामन्यात या खेळाडूला श्वास घ्यायला सवड नसते. त्यात तो काळ कसा, तर महायुद्ध चालू, १९४३ चा बंगालचा दुष्काळ, १९४६ च्या दंगली. १९४४ साली तर खुद्द नागा डोंगरांत, कोहिमा येथे, मोठी लढाई झाली.

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक सामने झाले. स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ प्रथमच तेथे गेला आणि त्याचे कर्णधार होते टी. आओ. उद्घाटनाच्या संचलनात देशाचा झेंडाही त्यांच्याच हाती होता. ३१ जुलै रोजी फ्रान्सशी सामना झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी किंवा पायांना पट्ट्या बांधून खेळले. फ्रान्सने आधी गोल केला. उत्तरार्धात रामन याने बरोबरी साधली. पण शेवटच्या घटकेला फ्रान्सने दुसरा गोल करून २-१ असा विजय मिळवला. आपल्याला दोन पेनल्टी फटके मिळाले होते, ते दोन्ही वाया गेले. बूट का घालत नाही, असे तिकडच्या बातमीदारांनी विचारले, तेव्हा आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही 'बूटबॉल' खेळता, असे उत्तर आओंनी दिल्याचे प्रसिद्ध आहे.

आणि आता मुख्य मुद्दा ऐका. त्या दिवशी या कर्णधाराचे वय तीस वर्षांचे होते आणि तो अजून विद्यार्थीच होता! त्यांनी एम. बी. बी. एस. ची पदवी घेतली १९५० साली. प्रवेश १९४२ चा, पदवी १९५० ची; म्हणजे आठ वर्षे झाली. वैद्यकीचा अभ्यासक्रम लांब खरा, पण इतका लांब नव्हे. आपल्या गावात कुणाच्या मुलाला असा उशीर झाला असता तर आपण काय म्हणालो असतो? "वाया गेला" असेच ना?

पण हिशेब पुरा मांडून पाहू. पदवीनंतर ते दिब्रुगडच्या रुग्णालयात कान, नाक, घसा या विभागात काम करू लागले. १९५३ साली कोहिमाला डॉक्टर म्हणून गेले. नागालँड राज्य झाल्यावर तेथील आरोग्य खात्याचे ते संचालक झाले आणि १९७८ मध्ये निवृत्त झाले. उशीर झाला दोन-तीन वर्षांचा, आणि सेवा घडली अठ्ठावीस वर्षांची, त्यातली बहुतेक आपल्याच डोंगरी मुलखात. ज्या मुलखात वडील तापाने गेले, तेथेच मुलाने दवाखाने सांभाळले. १३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

यातून शिक्षकांनी आणि पालकांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट, आयुष्याचे काम कोणते हे आओंच्या मनात पक्के होते, म्हणून मैदानावरची कीर्ती त्यांना वाटेवरून हलवू शकली नाही. आपल्या खेळाडू मुलांशी ही गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. दुसरी गोष्ट, आपल्याकडे दहावी-बारावीला ठराविक पातळीवर खेळलेल्या मुलांना क्रीडागुणांची सवलत मिळते. ती चांगलीच आहे. पण गुण मिळाले म्हणजे बुडालेला धडा समजला असे होत नाही. सामन्यांसाठी आठ दिवस बाहेर गेलेल्या मुलाला गुणांपेक्षा कुणीतरी बसून तो धडा शिकवण्याची गरज अधिक असते. तिसरी गोष्ट, वर्ष लांबले म्हणून मुलावर शिक्का मारू नये. मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच सांगायला हवे. कारण मुलाला एखादे जादा वर्ष कसेबसे मिळते, मुलीचे मात्र खेळ आणि शिक्षण दोन्ही एकदमच थांबवले जाते.

मुलांनाही एक सांगणे आहे. खेळ ही अभ्यास टाळण्याची सबब नव्हे. मैदानावर नाव झाल्यावरही आओ वर्गात परत जाऊन बसले, उरलेल्या परीक्षा दिल्या, हे विसरू नका.

तेव्हा गुरुजी, पुढच्या वेळी एखादा विद्यार्थी सामन्यासाठी रजा मागायला आला, तर रजा जरूर द्या. मात्र भिंतीवरची दिनदर्शिका काढून, कोणते धडे बुडणार आणि ते कोणत्या दिवशी भरून काढायचे, एवढे त्याच्याबरोबर बसून लिहून ठेवा.