दमयंतीची बाग आणि दगडाची किमया

जुन्या घरातल्या भिंतीवर एखादे वेळी हे चित्र तुम्ही पाहिले असेल. बागेत दमयंती उभी आहे. समोर कठड्यावर बसलेला हंस तिला नलराजाचे गुण सांगतो आहे आणि ती कान देऊन ऐकते आहे. राजा रविवर्मा यांनी हे चित्र १८९९ साली तैलरंगात रंगवले. पण मूळ चित्र तर एकच! मग त्याच्या प्रती घरोघरी कशा पोचल्या?

त्याचे उत्तर आहे एका दगडात. आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास म्युनिक येथे शिळामुद्रणाची युक्ती शोधून काढली. बव्हेरियातील झोल्नहोफेनचा बारीक कणांचा चुनखडक त्यासाठी उत्तम ठरला. याच खडकातील आद्यपक्ष्याला १८६१ साली ‘आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका’ हे नाव मिळाले, ते या छपाईच्या दगडावरूनच.

या दगडावर काहीही कोरायचे नसते. तेलकट खडूने त्यावर उलटे चित्र काढतात. मग बाभळीचा डिंक आणि किंचित नत्राम्ल यांचे मिश्रण फासतात. खडूतील मेदाम्लांचा दगडातील कॅल्शियमशी संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा साबण बनतो. कोऱ्या जागी डिंकाचा पातळ थर बसतो व तो पाणी धरून ठेवतो. आता दगड ओला करून तेलकट शाईचा रूळ फिरवला, की ओल्या जागेवर शाई बसत नाही. रेघांवर मात्र बसते. वर कागद दाबला, की चित्र सुलट उमटते! रंगीत चित्रात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे.

रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत असा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजवाड्यातली चित्रे सामान्यांच्या भिंतीवर आली. १९७२ साली त्या छापखान्याला आग लागून पुष्कळ ठेवा जळाला. म्हणून घरात जुना छाप असेल तर ऊन आणि ओल यांपासून जपा. भिंगातून पाहा, रंगांचे सुटे ठिपके दिसतील.

आता करून पाहा. कोऱ्या कागदावर मेणबत्तीने फूल काढा आणि वरून पातळ जलरंग फिरवा. फूल कोरडे का राहिले, ते आता तुम्हीच सांगा!