ठसा चोरीला गेला तर?

मालवणहून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो की शिवाजी महाराजांचे म्हणून जपलेले हातापायाचे चुन्यातील ठसे आपण पाहतो. ठसा ही माणसाची खूण, ही कल्पना जुनीच. आज तीच खूण आपले बँक खाते उघडते. गावातल्या बँकमित्राला बँकेचे नाव व आधार क्रमांक सांगायचा, यंत्रावर बोट टेकवायचे, की पैसे हाती येतात. कार्ड नको, सही नको.

यंत्र नेमके काय पाहते? बोटावरील शंख-चक्रांच्या रेषा कोठे संपतात व कोठे फुटतात, ते बिंदू. पण ठसा तर आपण कागदावरही देतो. जमिनीच्या दस्तांवरील ठशांची रबरी नक्कल करून सिमकार्डे चालू केल्याचे प्रकरण २०१८ मध्ये तेलंगणात उघडकीस आले. म्हणूनच आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये बोट जिवंत आहे का, हे तपासण्याची पद्धत आणली. तरीही सावध राहायला हवे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. बोटावरच्या रेषा मात्र गर्भातच तयार होतात आणि जन्मभर त्याच राहतात.

मग असे घडल्यास काय करावे? बोट बदलता येत नाही, पण त्याने उघडणारे दार बंद करता येते.

पहिले काम बँकेला कळवण्याचे व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवण्याचे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत असतो. ते एखाद्या खात्यात असेपर्यंतच अडवता येतात. म्हणून येथे दिवस नव्हे, तास मोजायचे. तक्रारीचा क्रमांक व वेळ लिहून ठेवावी. चूक ग्राहकाची नसेल व त्याने लगेच कळवले असेल, तर नुकसान त्याच्यावर पडू नये, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिले. तेव्हा ही नोंद हाच आपला पुरावा.

दुसरे काम आधारमधील ठसे कुलूपबंद करण्याचे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर ते होते. त्यासाठी मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला हवा. मग खरे बोटही यंत्र स्वीकारत नाही. रेशन दुकानात ठसा द्यायचा असेल तर कुलूप तात्पुरते उघडावे.

तिसरे काम पोलिसांत लेखी तक्रार. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क नुसार ओळख चोरणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेनुसार गुन्हा कोठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात तो नोंदवता येतो. खाते मालवणला आणि माणूस मुंबईला, अशा चाकरमान्यांची त्यामुळे सोय होते.

चौथे काम पाळत ठेवण्याचे. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे ‘संचार साथी’वर पाहावे. आपल्या नावे कुणी कर्ज काढले आहे का, हे पतअहवालात दिसते. तो वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो.

वर्गात शाईचे पॅड व भिंग घेऊन मुलांना आपापली शंख-चक्रे जरूर पाहू द्यावीत. तास संपताच मात्र ते कागद मुलांनी स्वतःच्या हाताने फाडावेत. आणि घरी आजी-आजोबांना बँकेचा संदेश आला, तर तो त्याच दिवशी वाचून दाखवावा.