चोपडी कॉम्प्युटरात, प्रत सासूबाईंच्या कपाटात

मैत्रिणींनो, लक्ष्मीपूजनाला आपण दुकानाच्या चोपडीला हळद-कुंकू वाहतो. पण आता चोपडी गेली कॉम्प्युटरात! तिला जपायचं कसं, हे आम्ही ठेच लागल्यावर शिकलो.

अहिल्यानगरला सावेडीत आमचं छोटंसं स्टेशनरीचं दुकान आहे. सकाळी मी शाळेत अर्धवेळ शिकवते, दुपारी टॅलीत हिशेब लिहिते. ऐन मार्चअखेरीला कॉम्प्युटर बंद पडला. हार्ड डिस्क निकामी! "बॅकअप असेल ना?" दुरुस्तीवाल्यानं विचारलं. होता की, पण त्याच डिस्कवर! घराच्या दोन्ही किल्ल्या एकाच पर्समध्ये आणि पर्सच हरवली, तसं झालं. उधारी तेवढी वाचली, कारण सासूबाई अजून ती वहीत टिपून ठेवतात. त्या वहीला मीच हसायची! बाकीची बिलं मात्र रात्री जागून पुन्हा भरली.

नव्यानं खाती उघडायचीच होती, म्हणून ती नीट उघडली. टॅलीत २८ गट तयार मिळतात. खाती मात्र 'रोख' आणि 'नफा-तोटा' ही दोनच. बाकीची आपण उघडायची. गट म्हणजे मांडणीचे कप्पे आणि खातं म्हणजे त्यातला एकेक डबा. डबा चुकीच्या कप्प्यात ठेवला, की ताळेबंद चुकलाच म्हणून समजा. उधारीचं गिऱ्हाईक 'संड्री डेटर्स'मध्ये, उधारीवर माल देणारा घाऊक व्यापारी 'संड्री क्रेडिटर्स'मध्ये, दुकानभाडं आणि वीजबिल 'इनडायरेक्ट एक्स्पेन्सेस'मध्ये. गेल्या ३१ मार्चच्या शिलका १ एप्रिलला 'ओपनिंग बॅलन्स' म्हणून भरायच्या.

आणि एक खातं विसरू नका हं, ते म्हणजे 'उचल'! भाजीसाठी, मुलांच्या फीसाठी गल्ल्यातून घेतो तो दुकानाचा खर्च नव्हे. ते खातं 'कॅपिटल अकाउंट'खाली उघडा. नाहीतर दुकान नफ्यात असूनही "पैसा जातो कुठं?" यावरून घरात वाद ठरलेला!

आता बॅकअप. टॅलीप्राइममध्ये 'ऑल्ट' आणि 'वाय' ही बटणं एकदम दाबून 'बॅकअप' निवडा, जागा पेनड्राइव्हची द्या. दोन पेनड्राइव्ह ठेवा आणि आलटून पालटून वापरा. एक दुकानात, एक घरी. प्रत्येक वेळी तारखेच्या नावाचा नवा फोल्डर करा. काम झालं, की पेनड्राइव्ह काढून ठेवा. लावूनच ठेवला तर कॉम्प्युटरला लागलेला व्हायरस त्यालाही लागतो.

प्रत घेतली म्हणजे झालं असं नाही बरं का! भात शिजला की नाही हे शीत दाबून पाहतो ना? तसं महिन्यातून एकदा 'रिस्टोअर' करून बघा. मात्र वेगळ्या फोल्डरमध्येच. मूळ जागी केलंत, तर जुनी प्रत ताज्या हिशेबावर बसेल आणि मधल्या नोंदी जातील.

जीएसटीची नोंदणी असेल, तर कायद्यानं हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो. तेव्हा हा नसता उपद्व्याप समजू नका.

आमच्याकडे आता शनिवारी दुकान बंद करताना बॅकअप होतो. घरचा पेनड्राइव्ह सासूबाईंच्या कपाटात असतो, त्यांच्या उधारीच्या वहीशेजारी. वही त्यांनी बंद केलेली नाही, आणि मीही आता हसत नाही.