भात, व्हिनेगर आणि लोलाचा अंदाज

आपल्याकडे शेतात उभं असतं ते भात, पोत्यातून येतात ते तांदूळ आणि पानात वाढतात तो पुन्हा भात. फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत या तिन्हींना पालाय, बिगास आणि कानिन असे वेगवेगळे शब्द आहेत. तळाला लागलेल्या खरपुडीला तुतोंग म्हणतात. तान्ह्या बाळाला पाजायची पातळ पेज ती आम. रात्रीचा उरलेला भात सकाळी भरपूर लसणावर परतला की झाला सिनांगाग. आपल्या फोडणीच्या भाताचा सख्खा भाऊच, फक्त मोहरी-हळदीला तिथं रजा.

कंपनीच्या कामासाठी मी दीड वर्ष मनिलात होतो. एका सहकाऱ्याच्या घरी बरेच रविवार जेवलो, त्यामुळे तिथलं रोजचं स्वयंपाकघर जवळून पाहता आलं. घरात तो, त्याची आई आणि मोठ्या बहिणीची दोन शाळकरी मुलं. बहीण आखातात घरकामाला. तिला तो ‘आते’ म्हणतो. मराठी कानाला आत्या आठवते, पण तिकडे आते म्हणजे ताई. दादाला कुया, आजीला लोला. कामासाठी परदेशी असलेल्या फिलिपिनो लोकांची संख्या वीस लाखांच्या आसपास आहे आणि त्यात निम्म्याहून जास्त बायका. मागे राहिलेल्या मुलांचा डबा, ज्याला ते बाओन म्हणतात, बऱ्याच घरांत लोलाच भरते.

या स्वयंपाकाचं गणित सरळ आहे. भात भरपूर, कालवण थोडं. भाताबरोबरच्या पदार्थाला उलाम म्हणतात. एक किलो कोंबडी दोन्ही वेळा सगळ्यांना पुरवायची तर उलाम असं हवं की एका फोडीबरोबर दोन घास भात जावा. म्हणून ते आंबट आणि खारट. महागाईत मांस कमी होतं, पण आंबटपणा स्वस्त असतो. गल्लीतल्या सारी-सारी दुकानात सोया सॉस आणि व्हिनेगर अगदी छोट्या पुडीतही मिळतं. अशा सुट्या खरेदीला तिंगी म्हणतात. रोजंदारीवरच्या घराला महिन्याचा किराणा एकदम भरणं जमत नाही, तिथं तिंगीवरच चूल चालते.

अडोबो हे या गणिताचं सर्वांत चविष्ट उत्तर. नाव स्पॅनिश, पण मांस व्हिनेगरमध्ये शिजवून टिकवायची रीत स्पॅनिश लोक येण्याआधीची. १६१३ सालच्या एका स्पॅनिश-टागालोग शब्दकोशात तिची ‘इथल्या लोकांचा अडोबो’ अशी नोंद आहे. लोलाची पद्धत अशी: एक किलो कोंबडी, अर्धी वाटी व्हिनेगर, तेवढाच सोया सॉस, लसणाचा अख्खा गड्डा ठेचून, दोन-तीन तमालपत्रं, चमचाभर अख्खे मिरे, वाटीभर पाणी. अर्धा तास मुरवायचं आणि मंद आचेवर शिजवायचं. व्हिनेगरला उकळी येऊन त्याचा उग्र वास जाईपर्यंत डाव घालायचा नाही, हा तिचा कडक नियम. मीठ वेगळं लागत नाही. दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. शाकाहारी मंडळींनी चवळीच्या कोवळ्या शेंगा किंवा नाळीची भाजी घेऊन करावा. तिकडेही तसा करतातच.

तिथलं व्हिनेगर उसाचं असतं, तसंच माडाच्या ताडीचंही. गोव्यातल्या वाचकांना हे नवं नाही. सिनिगांग नावाच्या आंबट कढणात चिंच किंवा आपली बिंबली घालतात आणि साध्या पाण्याऐवजी तांदळाचं दुसरं धुवण वापरतात. त्यानं रस्सा किंचित दाट होतो. शुक्रवारी बऱ्याच कॅथलिक घरांत मांस टाळून मुगाचं कालवण असतं. मुगाला म्हणतात मुंग्गो, आणि त्यात पडतो शेवग्याचा पाला. पपईच्या लोणच्याचं नाव तर अचारा. ते आपल्याकडूनच गेलेलं.

भाजण्याच्या पदार्थांचं काय? ओव्हन पुष्कळ घरांत नसतो. पांदेसाल हा रोजचा पाव, नावात मीठ असून किंचित गोडसर. गोव्यात पोदेर सायकलवर भोंगा वाजवत येतो, तसाच तिथंही सकाळी पांदेसालवाला येतो. घरी करायचाच तर यीस्टनं फुगलेल्या कणकेची लांब वळी करून ती पावाच्या चुऱ्यात घोळवायची, मग तुकडे कापून ते कापल्या बाजूवर ठेवून भाजायचे. गरम असताना कॉफीत बुडवून खातात. ओव्हन नसलेल्या घरात बाकीचं काम वाफेवर भागतं. पुटो म्हणजे तांदळाची फुगलेली गोड इडली, सान्नांच्या जवळची. लेचे फ्लान हे अंड्याच्या पिवळ्या बलकाचं कॅरमेल पुडिंगही लंबगोल डब्यात घालून उकडतात. बिबिंका नाताळातली. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध केळीच्या पानावर ओतून खाली-वर निखारे ठेवून ती भाजतात. गोव्याच्या बेबिंकशी नाव जुळतं, पदार्थ मात्र वेगळा. हिला थर नसतात.

रविवारी दुपारी आतेचा व्हिडिओ कॉल यायचा. मालकीण बाहेर गेली की तीही तिकडच्या स्वयंपाकघरात अडोबो करते. तिथल्या व्हिनेगरची चव जमत नाही, म्हणून किती घालू, असं ती आईला विचारायची. लोला म्हणायची, ‘तांत्या.’ म्हणजे अंदाजानं. मुलगी वैतागायची, मोजून सांग म्हणायची. मग लोला इकडे बाटली कलती करून पातेल्यात धार धरायची, थोरला नातू फोन अगदी पातेल्याजवळ न्यायचा आणि धार थांबेपर्यंत तिकडून आते मोठ्यानं आकडे मोजायची.